अनुभव धागा: मराठवाड्यातले अरुण दाते

अरुण दाते इंदूरचे, नाव झालं मुंबईत. मराठवाड्याशी त्यांची सोयरीक काही नाही. तरी आपल्याकडं पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, 'शुक्रतारा'ची पहिली ओळ येतेच. दुसरी येईलच असं नाही. १९६२ चं ते गाणं. शब्द पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, सोबत सुधा मल्होत्रा. तिथून मे २०१८ मध्ये दाते गेले तोवर, आणि नंतरही, ते ऐकले जातायत. 'शुक्रतारा' नावाच्या कार्यक्रमाचे अडीच हजारांवर प्रयोग झाले. आवाज मऊ, जरा कापरा, कुठं जोर लावलेला नाही. एवढ्यावर माणूस इतकी वर्षं टिकला कसा? समीक्षा नको, तुमचं सांगा. आवडत नसतील तर तेही लिहा.

परभणी, निवृत्त शिक्षिका

आमचं गाव पूर्णेच्या अलीकडं. घरात एकच रेडिओ, तोही अण्णांचा. बातम्या आणि बाजारभाव झाले की बंद, कारण सेल महाग. सेल उतरले की मी ते दुपारी पत्र्यावर उन्हात टाकायची. तापले की रात्री अजून थोडं चालायचे. ती उसनी वीज मी भावगीतांवर उडवायची. 'भातुकलीच्या खेळामधली' हमखास अशाच वेळी लागायचं. गाण्यातला डाव अर्ध्यावर मोडतो, आमचे सेल त्याच्याही आधी मान टाकायचे. आवाज घोगरा होत होत गप्प. पुढची कडवी मला लग्नानंतर कळली, सासरी टेपरेकॉर्डर आल्यावर. सासूबाईंना वाटायचं, सून माहेरच्या आठवणीनं रडतीय. मी काही बोलले नाही.

नांदेड

वडील मिलमध्ये, साचेखात्यात. गाण्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण कुणीतरी त्यांना सांगितलं, हा गाणारा टेक्स्टाइल इंजिनिअर हाय, नोकरी सांभाळून गातो. झालं! त्या दिवसापासून दाते आमच्या घरचे. आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी, "आपल्याच लायनीतला माणूस हाय." साच्यांच्या खडखडाटानं वडलांचे कान गेलेले, म्हणून रेडिओ पूर्ण मोठा करावा लागायचा. इतकं हळुवार गाणं इतक्या मोठ्यानं आमच्याशिवाय कुणाच्या घरी वाजलं असेल वाटत नाही. समोरच्या काकू ओरडायच्या, "अहो, त्याला जरा हळू प्रेम करू द्या!"

आणि एक नोंद. दात्यांचं 'सखी शेजारिणी' लिहिणारे वा. रा. कांत मूळचे आमच्या नांदेडचे. कार्यक्रमात निवेदक कवीचं नाव घेतात, गाव कुणी सांगत नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो.

जालना

खरं सांगू? झोप यायची. आम्ही उरुसातल्या कव्वालीवर वाढलेली माणसं, रात्रभर टाळ्या पिटणारी. बायकोला आवडतात, म्हणून घरात शांतता आहे.

छत्रपती संभाजीनगर

आजोबांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून. मराठी भावगीत लागलं की उठून जायचे. दाते लागले की मात्र बसायचे. म्हणायचे, "ये आदमी गझल से आया है." कानाला बरोबर कळलं होतं त्यांच्या. दात्यांची सुरुवात उर्दू गझलांचीच. आपलं मराठी इंदुरी वळणाचं, म्हणून मराठीत गायला ते कचरत होते आणि खळ्यांनी हट्टानं गाऊन घेतलं, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा माझ्या 'काहून' आणि 'नको ना रे'वर वर्ग हसायचा. तेव्हा ही गोष्ट मला फार कामाला आली.

प्रत्यक्ष ऐकलं ते उतारवयात. खुर्चीवर बसलेले, वही समोर, पण बघत नव्हते. वरच्या जागेपाशी आले की किंचित थांबायचे आणि सभागृह ती ओळ उचलायचं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "आता जमत नाही त्यांना." नसेल जमत. पण एवढ्या लोकांना ती जागा नेमकी कुठं येते हे पाठ होतं, याचं काय करायचं?

औसा तालुका, लातूर

मी थोडक्यात लिहितो. 'या जन्मावर, या जगण्यावर' आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर म्हणून घ्यायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली, तेव्हा नव्या गुरुजींनी तेच गाणं सुरू केलं. वर्गातलं एकही पोर बोललं नाही. गुरुजी बाहेरगावचे होते, त्यांचा दोष नाही. मला ते गाणं पुढं कित्येक वर्षं ऐकवलं नाही. आता ऐकतो. आवडतं, असं अजूनही म्हणणार नाही.

बीड, लग्नात गाणारा

बाप्पा, सगळ्यात जास्त माईक मागून घेतात ते 'शुक्रतारा'साठी. सोपं वाटतं ना! वरपित्याला वाटतं, चहा पिता पिता म्हणून टाकीन. खळेसाहेबांची चाल फसवी आहे. मुखडा निघून जातो, अंतऱ्याला श्वास कुठं घ्यायचा तेच सापडत नाही. मग माणूस बायकोकडं बघतो, बायको पंगतीकडं बघती. ताना-पलटे असते तर लोक आपणहून लांब राहिले असते. दात्यांनी गाणं असं म्हणून ठेवलंय की प्रत्येकाला वाटतं, हे मलाही येईल. कार्यक्रम चाळीस-पन्नास वर्षं चालायला हेच कारण, माझ्या मते तरी.

मी आता उपाय काढलाय. माईक मागणाऱ्याला पट्टी आधीच दोन सुरांनी उतरवून देतो, कीबोर्डवाल्याला डोळ्यानं खुणावतो. बाईचा आवाज त्यानं फार खाली जातो, म्हणून वहिनींची ओळ आमच्यातली पोरगी मागून धरती. कुणाला कळत नाही. वर "आवाज काय लागलाय आज!" म्हणून बक्षिसी मिळती ती वेगळीच.