स्मरणिकेचे रंग बिघडून आलेत. चूक फाइलची की मशीनची, हे कसं ओळखायचं?

अबोली:
नमस्कार मंडळी. आईच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही भावंडांनी ६४ पानांची स्मरणिका छापायला दिली. आर्ट पेपर, फोर कलर ऑफसेट, परफेक्ट बाइंडिंग, ३०० प्रती. त्यातल्या १०० परवा बांधून आल्या, २०० अजून बाइंडरकडे आहेत. पहिली प्रत हातात घेऊन आई म्हणाली, "ही माझी पैठणी नव्हे गं." मुखपृष्ठावरची तिची पैठणी गर्द निळी आहे, लॅपटॉपवरही निळीच दिसत होती. छापून आली ती वांग्याच्या सालीसारखी. शिवाय आतल्या काही पानांवर बाबांचा पांढराशुभ्र सदरा गुलाबी झाक मारतोय आणि चेहरे तांबूस झालेत. बाकीची पानं मात्र चांगली आहेत.
प्रेसवाले म्हणतात फाइलच तशी होती. फाइल करून देणारी मुलगी म्हणते मशीनवर बिघडलं. मला कुणाशी भांडायचं नाही. पण बाबा आता नाहीत, आणि त्यांचे हे फोटो असे घरोघर जावेत असं वाटत नाही. कार्यक्रम २० दिवसांवर आलाय. नक्की काय बघू? कृपया जाणकारांनी सांगावं.

खिळेजुळारी:
ताई, ऑफसेट मशीनवर ३१ वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. तुमच्याकडे दोन वेगवेगळी दुखणी दिसतात. एकाच्या नावानं दुसऱ्याला दोष लागायला नको.

आधी पैठणी. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, कागदावर तोच रंग सायन (आकाशी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी या चार शायांतून काढायचा असतो. स्क्रीनवरचा झळझळीत निळा या चौघींच्या आवाक्यातच येत नाही. निळा करायला सायनवर मॅजेंटा चढवावी लागते आणि दोन्ही शंभर-शंभर टक्के पडल्या की जांभळाच दिसतो. मॅजेंटा ७०च्या खाली आणली असती तर निळा निळ्याच्या जवळ राहिला असता. शंभरच्या शंभर प्रतींत पैठणी सारखीच वांगी असेल, तर ते बहुतेक फाइलमधून आलंय.

सदऱ्याचं दुखणं वेगळं. रंगाची झाक पकडायची तर फुलं, साड्या बघू नका, पांढरं आणि राखाडी बघा. सायन ५०, मॅजेंटा ४०, पिवळी ४० अशा तोलावर राखाडी उभा असतो. मॅजेंटा चार-पाच टक्के जरी वर गेली तरी तो गुलाबी होतो, आणि पांढऱ्या कपड्याच्या चुण्या म्हणजे फिकट राखाडीच की. पिवळ्या दिव्याखाली हे कळत नाही. दिवसा खिडकीशी, सावलीत धरून बघा. प्रेसमध्ये यासाठीच ५००० केल्विनचा पांढरा दिवा लावतात.

आता मुख्य काम. गुलाबी पानांचे आकडे लिहून काढा. ६४ पानं म्हणजे १६ पानांचे ४ फर्मे. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या तावावर छापून घडी घातलेली पानं. फर्म्याच्या तावावर एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं असतात, दोन्ही बाजूंच्या प्लेटा वेगळ्या. पहिल्या फर्म्यात १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ ही पानं एका बाजूला येतात, उरलेली दुसऱ्या बाजूला. पुढच्या फर्म्यांत याच आकड्यांत १६, ३२, ४८ मिळवत जा. फाइल खराब असेल तर खराब फोटो कुठेही विखुरलेले सापडतील. मशीनवर बिघडलं असेल तर आकडे एका बाजूत बसतील.

कुंचला:
काकांना अनुमोदन. मी डिझाइन करते, तेवढ्यापुरती भर घालते. प्रेसकडे न कापलेला ताव मागा. कडेला रंगांच्या चौकोनांची पट्टी असते, ती कटिंगमध्ये निघून जाते. खराब तावाची पट्टी चांगल्या तावाच्या पट्टीशेजारी ठेवली की कुठली शाई जड पडली ते दिसतं. आणि घरात दहापट भिंग असेल तर फोटोतल्या वस्तूंच्या कडा बघा. कडेला एकाच रंगाची रेघ बाहेर डोकावत असेल तर रजिस्टर, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, हललंय, ते निराळं प्रकरण. मुखपृष्ठ पुन्हा छापणार असाल तर आधी प्रूफ, म्हणजे नमुन्याचा छाप, काढून घ्या, आणि तो पैठणीशेजारी ठेवून बघा, लॅपटॉपशेजारी नको.

अबोली:
काका, रात्री बसून आकडे काढले. १७, २०, २१, २४, २५, २८, २९, ३२. एकही इकडे-तिकडे नाही. भावानं पुन्हा मोजले. एवढा वेळ मी फोटो जुने आहेत, स्कॅन नीट झाले नसतील, असं स्वतःला सांगत होते.

खिळेजुळारी:
दुसरा फर्मा, एक बाजू. ताई, हे मशीनवरचं आहे. हा कागद प्रेसमालकांपुढे ठेवा, ते छपाईवाले आहेत, त्यांना लगेच कळेल. ताव पाठपोट असल्यामुळे दोन्ही बाजू पुन्हा छापाव्या लागतील. २०० प्रती अजून सुट्या असतील तर फक्त तेवढा फर्मा बदलता येईल, बाइंडरला आजच थांबवा. पैठणीचा खर्च मात्र प्रेसवर टाकू नका. आणि छपाईच्या वेळी स्वतः उभ्या राहा.

अबोली:
बाइंडरचं काम थांबवलं. मालकांनी आकडे वाचले, पट्टी बघितली आणि फर्मा आपल्या खर्चानं छापून दिला. मुखपृष्ठाचे पैसे आम्ही देतोय. आज दुपारी मशीनपाशी उभी होते. सुरुवातीचे ताव गुलाबीच येत होते. मशीनमन मॅजेंटा थोडी कमी करायचे, ताव ओढून दिव्याखाली धरायचे, पुन्हा कमी करायचे. पन्नासेक ताव गेल्यावर बाबांच्या बाहीवरच्या चुण्या राखाडी दिसल्या. ताव घेऊन दारातल्या उजेडात गेले, तिथंही राखाडीच. मला बोलता येईना.
मुखपृष्ठाचा प्रूफ आईनं पैठणीवर ठेवून बघितला. "निळी आहे. जरा मंद आहे, पण माझीच आहे," म्हणाली. उद्या छापायचंय. लॅमिनेशन मॅट घेऊ की ग्लॉस?

खिळेजुळारी:
ग्लॉस. मॅटखाली निळा आणखी मंदावेल. आणि शाई पुरती वाळू द्या, लॅमिनेशनला एक दिवस उशीर झाला तरी चालेल.