आयर्लंड: बाबांना पीटची छोटी रेल्वे दाखवायचीय, कुठे नेऊ?

डब्लिनचा_पंत: बाबा तीन आठवड्यांसाठी आलेत. बार्शी लाइट या छोट्या रेल्वेवर रूळ दुरुस्तीच्या गँगचे मुकादम होते. यूट्यूबवर बोर्ड ना मोना या आयरिश सरकारी कंपनीच्या, दलदलीतलं पीट (जळणाची माती) वाहणाऱ्या गाड्या बघितल्यापासून एकच धोशा, "ते रूळ दाखव." सप्टेंबरातला एक शनिवार, दोघांत ८० युरो, गाडी नाही.

खादाड_कोल्हापुरी: गाडी भाड्याने घे. आम्ही घेतली होती. ओरखडा आधीचाच होता, तरी डिपॉझिटमधले ३०० कापले. आधी व्हिडिओ काढून ठेव.

पंत: ८० म्हणालो होतो दादा.

वाफेवर: डोळे मिटून स्ट्रॅडबॅली, काउंटी लीश. तिथल्या छोट्या रेल्वेचं वाफेचं इंजिन बोर्ड ना मोनासाठीच १९४९ साली किल्मार्नॉकला बनलं. पीट जाळून चालणारी अशी तीन होती. दुसरं वेल्समध्ये 'टॉम रोल्ट' झालंय, आम्ही खास जाऊन बघितलं.

रमाकाकू_कॉर्क: स्ट्रॅडबॅलीच! पण ते बँक हॉलिडेलाच धावतं ना? सप्टेंबरात कुठली सुट्टी?

वाफेवर: मग ऑगस्टमध्येच जा. जत्राही असते.

नेरळ_लोकल: माथेरानसारखीच ही पण दोन फुटी.

अचलपूरकर: नाही हो. माथेरान ६१० मिमी, ही ९१४, म्हणजे तीन फूट. आमची शकुंतला रेल्वे ७६२. तिच्याकडे कोण बघतंय म्हणा.

खादाड_कोल्हापुरी: बार्शी लाइट पण ७६२च होती. पंतांचे बाबा सांगतील.

ऑफलीत_राहतो: आधी हे ऐका. पीट काढणं बंद झालंय, २०२१ ला कंपनीनेच जाहीर केलं. भरलेली गाडी आता दिसणार नाही. इथे ऑफलीत लॉख बूराच्या जुन्या पीटच्या दलदलीत मोकळं फिरता येतं. तिथे जुनं इंजिन आणि डबे कमानीसारख्या रुळावर उभे केलेत, 'स्काय ट्रेन' म्हणतात. वाट सोडू नका, माझा एक बूट अजून त्या चिखलात आहे.

पंत: बाबा विचारतायत, एवढ्या पाण्यावर रूळ टिकायचा कसा?

ऑफलीत_राहतो: हलके रूळ, हलकी गाडी. मुख्य लाइन कायमची. पण काढलेल्या पीटच्या ढिगाशेजारचा रूळ तात्पुरता, डबे भरून ढीग संपला की उचलून पुढच्या ढिगाला.

पंत: वाचून दाखवलं. "म्हणजे रोज गँग लागत असणार," म्हणाले आणि चहा विसरले.

वाफेवर: तरी स्ट्रॅडबॅली. उभं इंजिन बघून काय करणार?

नेरळ_लोकल: +१ स्ट्रॅडबॅली.

रमाकाकू_कॉर्क: मीही तेच म्हणते. आणि डबा घरून न्या, बाहेर सँडविच महाग.

पंत: सगळ्यांचे आभार. टुलामोरपर्यंत ट्रेन, पुढे टॅक्सी, लॉख बूरा. बजेट बोंबललं. बाबा म्हणाले, "इंजिन काय, आयुष्यभर अंगावरून गेलं. मला रुळांचे जॉइंट बघायचेत." मेजर टेप कुर्डुवाडीहूनच बॅगेत घेऊन आलेत, आज कळलं.