तेविशीपर्यंतची कमाई जन्मभर पुरते का? एनबीएचे खेळाडू आणि आपली पोरं

जयगडकर

रत्नागिरीत आमच्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळणारी पोरं पहाटे उठून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने बघतात. परवा एका पालकांनी विचारलं, "विशीतच एवढे डॉलर मिळतात, मग त्या खेळाडूंना पुढे काही करावंच लागत नसेल, नाही?" शेजारचे दुसरे पालक लगेच म्हणाले, "कसलं काय, सगळे कंगाल होतात." मला हे दुसरं वाक्य जास्त खटकलं. माझं मत असं की पहिल्या चार वर्षांची कमाई माणसाला आयुष्यभर पुरू शकते, आणि हे आपण पोरांना ठामपणे सांगायला हवं.

"सगळे कंगाल" ही समजूत पसरली ती २००९ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये आलेल्या एका लेखामुळे. निवृत्तीनंतर पाच वर्षांत एनबीएचे अंदाजे ६० टक्के खेळाडू कफल्लक होतात, असं त्यात होतं. लेखातही तो अंदाज म्हणूनच दिला होता. पुढे लोकांनी "अंदाजे" गाळलं आणि आकडा तेवढा ठेवला.

आता साधा हिशोब करू. एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू दोन फेऱ्यांत निवडतात. त्यातल्या पहिल्या फेरीत अगदी शेवटी निवडला गेलेला मुलगा धरा. त्याच्या पहिल्या कराराच्या चार वर्षांचे मिळून साधारण १ कोटी डॉलर. केंद्राचा प्राप्तिकर वरच्या टप्प्यात ३७ टक्के, त्यावर राज्याचा कर, एजंटचे जास्तीत जास्त ४ टक्के. म्हणजे निम्मे गेले, हातात ५० लाख. वर्षाला अडीच लाख डॉलर खर्च केले (हा काही काटकसरीचा आकडा नव्हे) तरी चार वर्षांनी ४० लाख उरतात. ते नीट गुंतवून दरवर्षी ३ टक्केच काढले तर १ लाख २० हजार डॉलर होतात. अमेरिकेतल्या मधल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८० हजारांच्या आसपास आहे. म्हणजे तेविसाव्या वर्षी खेळ थांबला तरी हा मुलगा मरेपर्यंत सरासरी घरापेक्षा बऱ्या स्थितीत राहील. मग पुरत नाही असं कसं म्हणायचं?

चिपळूणचा हिशोबनीस

जयगडकर, बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. पण तुम्ही चारही वर्षं पूर्ण झाली असं धरलंत, आणि मला तिथेच आक्षेप आहे.

पहिल्या फेरीतल्या करारातली पहिली दोनच वर्षं खात्रीची. तिसरं आणि चौथं वर्ष द्यायचं की नाही हे संघ ठरवतो. गुडघा गेला, प्रशिक्षक बदलला, संघाने हात वर केले, की तुमचा १ कोटीचा आकडा ४५ लाखांवर येतो. कर, एजंट आणि दोन वर्षांचा खर्च वजा करून १७ लाखांच्या आसपास उरतील. त्याचे ३ टक्के म्हणजे ५० हजार डॉलर. उपाशी मरणार नाही, पण "बऱ्या स्थितीत" हे शब्द आता लागू होत नाहीत.

बरं, हा पहिल्या फेरीतला झाला, आणि त्या फेरीत जागाच ३०. दुसऱ्या फेरीतल्यांना किंवा निवडच न झालेल्यांना ठरलेली पगारश्रेणी नसते. त्यातले अनेक जण 'टू-वे' करारावर असतात, म्हणजे थोडे दिवस मुख्य संघात आणि बाकीचे दिवस जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये. २०२३-२४ च्या हंगामात या कराराचे साधारण ५ लाख ६० हजार डॉलर मिळत होते. कर आणि राहणीमान वजा केल्यावर त्यातून जन्म काढायचा? आपण टीव्हीवर पहिल्याच क्रमांकावर निवडलेला वेंबान्यामा बघतो, म्हणून सगळ्यांनाच त्याच्यासारखं पहिल्या वर्षी १ कोटी २० लाख मिळतात असं वाटतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. एनबीएचं निवृत्तिवेतन पक्कं व्हायला तीन हंगाम लागतात. २०१६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने माजी खेळाडूंसाठी आरोग्यविमा सुरू केला, त्यालाही किमान तीन वर्षांची अट. दोन हंगाम खेळून बाहेर पडलेल्याला यातलं काहीच नाही. ज्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज, तोच दाराबाहेर. मला हे फार लागतं.

आणि साठवणीतून दरवर्षी ४ टक्के काढण्याचा जो प्रसिद्ध नियम आहे, तो १९९४ मध्ये विल्यम बेंगन यांनी मांडला तो ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी. तुम्ही ३ टक्के धरलेत हे चांगलं केलंत. पण चोवीस वर्षांच्या मुलापुढे साठ वर्षं आहेत. एवढ्या काळात महागाई काय करेल, याचा भरवसा मी तरी कुणाला देणार नाही.

कुडाळचो बाबल

जयगडकरानु, तुमचो हिशोब कागदार बरोबर आसा. पण पोरगो काय कागदार ऱ्हवता? एकोणीस वर्सांचो झील पैसो घेवन घराक इलो काय पयलां आवशीक घर बांधतलो. मगे भावाचा शिक्षण, काकाचा दुखणा. ह्येका तुमी उधळपट्टी म्हणतास? ज्या घरान तेका पोसल्यान, उपाशी ऱ्हवान बूट घेवन दिल्यान, त्या घराक 'नाय' म्हणूक तो खयसून शिकतलो? तुमच्या हिशोबात अडीच लाख खर्च एकट्याचो आसा. घरच्या धा माणसांचो खय आसा?

जयगडकर

बाबल, मी त्याला उधळपट्टी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. आईला घर बांधून देणं हे त्या मुलाच्या कमाईचं सगळ्यात चांगलं काम आहे. पण ते घर केवढं, हे कोणी ठरवायचं?

हिशोबनीस, तुमचा मुद्दा कमाई कमी पडते हा. मला वाटतं कमाईच्या आकड्याला आपण दोघेही फार महत्त्व देतोय. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल खेळाडूंवर २०१५ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९६ ते २००३ या काळात निवडले गेलेले खेळाडू घेऊन त्यांनी दिवाळखोरीच्या न्यायालयीन नोंदी तपासल्या. निवृत्तीनंतर बारा वर्षांत जवळपास १६ टक्के खेळाडूंनी दिवाळखोरी जाहीर केली होती. ६० टक्के नव्हे, १६. आणि जास्त वर्षं खेळलेले, जास्त कमावलेले लोक कमी बुडाले असंही दिसलं नाही. खेळ वेगळा असला तरी थोड्या वर्षांत खूप पैसा आणि मग एकदम शून्य, ही तऱ्हा तीच. दुप्पट कमावल्याने धोका कमी होत नसेल तर "पुरेल एवढं मिळतं का" हा प्रश्न मागे पडतो.

अलिबागकरीण

इथे मी बोलते, कारण हे आमच्या नात्यात घडलेलं आहे. महामार्गाच्या रुंदीकरणात माझ्या आतेभावाची जमीन गेली, मोबदला एकरकमी खात्यात आला. त्यातून दारात मोठी गाडी आली आणि दुमजली घर उभं राहिलं. बहिणींचे हिस्से देताना वाद झाले, ओळखीच्या माणसाने "दुप्पट करून देतो" म्हणून नेलेले पैसे परत आले नाहीत. तो दारू पीत नव्हता, जुगार खेळत नव्हता. त्याला आयुष्यात कधी एवढी रक्कम एकत्र हाताळायची वेळच आली नव्हती, आणि ती हातात पडली त्याच आठवड्यात सगळे जण दारात होते. जमीन दर वर्षी थोडं देत होती, मोबदला एकदाच आला. खेळाडूच्या पगाराचं असंच आहे, फक्त त्याची जमीन म्हणजे त्याचं शरीर.

अँटवान वॉकरची गोष्ट बघा. १९९६ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडला गेला, २००६ मध्ये मायामीकडून विजेतेपद मिळवलं, पगाराचे १० कोटी ८० लाख डॉलर कमावले आणि २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक त्याच्या गाड्या आणि जुगार तेवढे सांगतात. पण त्याने कितीतरी नातेवाईक आणि मित्र पोसले होते, आणि शिकागोतल्या घरबांधणीत स्वतःची हमी देऊन पैसा घातला होता. २००८ ची मंदी आली आणि ती कर्जं त्याच्या अंगावर आली. आता तो तरुण खेळाडूंना पैशाबद्दल सावध करत फिरतो, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

आणि टिम डंकनचं काय? इतका शांत, साधा राहणारा खेळाडू. त्यालाही विश्वासातल्या आर्थिक सल्लागारामुळे २ कोटी डॉलरच्या वर फटका बसल्याचं समोर आलं. त्या सल्लागाराला २०१७ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. डंकन मोठा म्हणून सावरला. हेच दोन हंगाम खेळलेल्या मुलाबाबत झालं असतं तर?

बोटीवरचा दापोलीकर

सगळे बुडालेल्यांची उदाहरणं देतायत, म्हणून तरलेल्याचं देतो. ज्युनियर ब्रिजमन. बारा हंगाम खेळला, त्यातले बहुतेक हंगाम मिलवॉकीकडून, आणि एका वर्षाचा सर्वांत मोठा पगार साडेतीन लाख डॉलर. म्हणजे आजच्या टू-वे खेळाडूपेक्षाही आकडा कमी. त्याने वेंडीज या बर्गरच्या दुकानांचे परवाने घेतले, खेळत असतानाच स्वतः दुकानात उभा राहून काम शिकला. पुढे शेकड्याने दुकानं झाली, नंतर कोका-कोलाचं बॉटलिंग. २०२५ च्या मार्चमध्ये तो वारला तेव्हा मिलवॉकीच्या संघातच त्याचा हिस्सा होता. मग थोडी कमाई पुरत नाही असं कोण म्हणेल?

चिपळूणचा हिशोबनीस

दापोलीकर, ब्रिजमनचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे. त्याची खेळातली कमाई जन्मभर पुरली नाहीच. त्याने ती भांडवल म्हणून वापरली आणि पुढची पस्तीस-चाळीस वर्षं काम केलं. जयगडकरांचा दावा वेगळा होता: खेळ थांबला तरी साठवलेल्यावर निभेल. या दोन गोष्टी एकत्र करू नका. पहिली मी मनापासून मान्य करतो. दुसरी फक्त वरच्या थोड्या खेळाडूंच्या बाबतीत खरी आहे.

आणि धंदा हा उपाय सगळ्यांना सांगू नका. वॉकरनेही धंदाच केला होता.

पीटी मास्तर, मालवण

मी शाळेत खेळ शिकवतो. तुमची चर्चा वाचतोय, पण माझी काळजी वेगळी आहे. आपल्या किनाऱ्यावरून एनबीएत कोण जाणार? सतनाम सिंग पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फुटांवर उंची. २०१५ मध्ये एनबीएच्या डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडला, असा निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. नंतर तो कुस्तीच्या व्यावसायिक शोमध्ये गेला.

आमच्या पोरांपुढे प्रत्यक्षात येतात ते कबड्डीचे पैसे. रायगड-रत्नागिरीत गावोगावी संघ आहेत, आणि २०१४ पासून प्रो कबड्डी आहे. अलीकडच्या लिलावांत 'ड' गटाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये होती. विशीतल्या पोराला एका हंगामाचे ९ लाख म्हणजे घरात दिवाळी. दुसऱ्या हंगामात बोलीच लागली नाही तर? म्हणून मी पोरांना सांगतो, शासकीय नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण सोडू नका, प्रमाणपत्रं जपा, पदवी पूर्ण करा. यावर काही पालक मला म्हणतात, "सर, तुम्ही पोराचा उत्साह मारता." मला हे मुळीच मान्य नाही. ज्याला मागे नोकरी आहे तो पोरगा चढाईला मोकळ्या मनाने जातो.

जयगडकर

मास्तर, नोकरीचं तुमचं म्हणणं कबड्डीपुरतं शंभर टक्के मान्य. ९ लाखांवर कोणी जन्म काढू शकत नाही, तिथे माझा हिशोब लागूच होत नाही.

पण एनबीएबद्दल मी हटणार नाही. हिशोबनीस म्हणतात थोड्यांनाच पुरतं. मी म्हणतो, ज्यांचा पैसा हाताला लागण्याआधीच बाजूला गेला, त्यांना पुरतं. ॲलन आयव्हर्सन बघा. पगाराचे १५ कोटी डॉलरच्या वर कमावले आणि पुढे आर्थिक अडचणीत आला. पण रीबॉक या बुटांच्या कंपनीने त्याच्या नावाने सुमारे ३ कोटी २० लाखांचा न्यास करून ठेवलाय, तो त्याला वयाच्या ५५ व्या वर्षी, २०३० मध्ये मिळेल. तोवर वर्षाला साधारण ८ लाख डॉलर येतात. एवढं गमावूनही तो टिकला, कारण हा हिस्सा त्याला, मित्रांना, कुणालाच काढता येत नव्हता. बाबल, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. "पैसे कुलपात आहेत, किल्ली माझ्याकडे नाही" असं सांगितलं तर आईला किंवा काकाला "नाही" म्हणावं लागत नाही.

कुडाळचो बाबल

ह्या बोललास ता माका पटला. पण कुलूप लावतलो कोण? एकोणीस वर्सांचो पोरगो सोता लावणा नाय. करारातच लिवलेला होया.

अलिबागकरीण

बाबल म्हणतात ते मलाही पटतं. लीग पगारातले १० टक्के एस्क्रोसाठी, म्हणजे हिशोब पूर्ण होईपर्यंत वेगळ्या खात्यात, आधीच राखून ठेवते, पण ते लीगच्या स्वतःच्या जमाखर्चासाठी. तसेच २० टक्के खेळाडूच्या चाळिशीसाठी राखले तर कोणाचं काय बिघडेल?

चिपळूणचा हिशोबनीस

सज्ञान माणसाच्या कष्टाच्या पैशावर सक्तीचं कुलूप मला योग्य वाटत नाही. खेळाडूने स्वतः लावावं, आणि करार होण्याच्या आधी लावावं. या बाबतीत आपलं जमणार नाही असं दिसतंय.

मास्तर, तुमच्या कबड्डीच्या पोरांसाठी मात्र एक नक्की सांगतो. पहिल्या हंगामाचे पैसे आले की त्याच आठवड्यात पीपीएफ खातं उघडायला लावा. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, मुदत पंधरा वर्षं, अधेमधे सहज काढता येत नाहीत. विसाव्या वर्षी उघडलेलं खातं पस्तिशीत हाताशी येईल, साधारण त्याच वेळी खेळ सुटत असेल. फॉर्म भरायला कोणाला अडचण आली तर पोराला घेऊन चिपळूणला माझ्याकडे या, पैसे घेणार नाही.

पीटी मास्तर, मालवण

येतो. मे महिन्याच्या सुट्टीत दोघे तिघे घेऊन येतो.