तंग आवळताना चावणारा घोडा

घोडा तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान पाडून चावायला येतो तो निव्वळ हट्ट, दटावलं की सुधारतो, असं काही जण म्हणतात. सरसकट पटत नाही. दटावून फार तर कान पाडणं थांबेल, दुखणं तसंच राहील. रपेटीनंतर खोगीर उतरवलं की लगेच पाठ बघा. घामेजलेल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग दिसला तर बहुधा तिथे दाब जास्त पडतोय. (कण्यावरची पट्टी कोरडी असते, ती सोडा.) त्याच जागी पांढरे केस उगवले असतील तर जुनी इजा समजा.

आणि तंग एका दमात कसू नका. आधी सैलसर, थोडं चालवून एक भोक, बसण्याआधी आणखी एक. खोगीर नीट बसत असूनही चावतोच, तर पशुवैद्याला दाखवा; पोटातला अल्सरही असू शकतो.