मदत हवी आहे: बाबांच्या रंध्याची पाचर अडकलीय

मंडळी, बाबा सुतार होते, गेल्या वर्षी गेले. त्यांनी स्वतः बनवलेला सागवानी रंधा पेटीत सापडला पण पावसाळ्यात लाकूड फुगून पातं दाबून धरणारी पाचर गच्च बसलीय आणि पातं गंजलंय. मागच्या बाजूला लाकडी हातोडीने ठोकून बघितलं, आठ दिवस तांदळाच्या डब्यात पण ठेवला (बायको अजून हसतेय), ढिम्म हलत नाही. रॉकेल सोड म्हणतात पण लाकडाला डाग पडेल ना. पॉलिशवाल्याकडे द्यायचा नाहीये, बाबा डावखुरे, त्यांच्या अंगठ्याने पडलेला खळगा घासून जाईल. आम्ही चिपळूणला, हवा दमट. शोकेसमध्ये नाही ठेवायचा, मुलीच्या टेबलाच्या फळीवर हाच रंधा मारायचाय. तर पाचर न फोडता पातं कसं काढू, आणि नंतर लाकडाला अळशीचं तेल चालेल का?