बाई कोणती, कामं कोणती, वेळ कोणती: अंथरुणावरच्यानं ठरवावं की घरच्यांनी?

खामला_चौक
नागपुरात घरी माणूस ठेवायची चाल ठरलेली आहे. धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातून डिस्चार्ज होतो, तिथलाच कुणी बाई-ब्रदर पुरवणाऱ्या ब्युरोचा नंबर देतो, पुण्यातला मुलगा फोनवर दर ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अनोळखी बाई दारात उभी. ती ज्याला आंघोळ घालणार, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. अर्धांगवायू, पार्किन्सन, मणक्याची इजा, म्हणजे शरीर अडलंय पण डोकं शाबूत आहे, अशा माणसानं आपली बाई किंवा ब्रदर (पुरुष मदतनीस) स्वतः निवडावा, वेळ स्वतः लावावी आणि पगारही स्वतःच्या हातानं द्यावा, असं माझं मत आहे.

सुरुवात वहीपासून करा. सात दिवस प्रत्येक मदत लिहून काढायची: किती वाजता, किती मिनिटं, किती हात लागले. पलंगावरून खुर्चीत, संडास, आंघोळ, जेवण, कूस बदलणं. बहुतेक वह्यांत काम सकाळी साडेसहा ते दहा आणि रात्री सात ते साडेनऊ या वेळात गोळा झालेलं दिसतं. आठ ते आठची पाळी ब्युरोच्या सोयीची आहे. साडेसहाला संडास लागलेल्या माणसाला तिचा काय उपयोग?

निवडताना गप्पा मारू नका, करून दाखवायला सांगा. अर्धांगवायूच्या माणसाला खुर्चीत घेताना खुर्ची चांगल्या बाजूला हवी, पलंगाशी तिरपी, दोन्ही ब्रेक लावलेले आणि पाय ठेवायची पट्टी वर केलेली. माणसाच्या कमरेला पट्टा आणि तिचा हात पट्ट्याला. लुळ्या हाताच्या काखेत हात घालून उचलते का, ते बघा. त्यानं खांदा सांध्यातून खाली ओढला जातो आणि ते दुखणं मग महिनोन् महिने पुरतं. एका मिनिटात कळतं, अनुभवाचं सर्टिफिकेट लागत नाही.

रात्रपाळी
निवडणं सोपं आहे हो. पुढचं सांभाळणं सोपं नाही.

चोवीस तासांना बारा-बाराच्या दोन पाळ्या, वर्षाच्या ७३०. आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला १५ रजा धरल्या तर एक बाई २९८ पाळ्या भरते. दोघी मिळून ५९६. उरलेल्या १३४ कोण करणार? महालक्ष्म्या, दिवाळी, लग्नसराई, गावचं सोयाबीन, सगळं एकाच वेळी येतं. दसऱ्याला दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद असतात, त्या दिवशी नरेंद्रनगरची बाई लक्ष्मीनगरला वेळेवर पोचत नाही. सकाळी सातला फोन येतो, ‘ताई, आज जमत नाही.’ ब्युरो निदान कुणाला तरी धाडते. तुमचा अंथरुणावरचा मालक कुणाला धाडणार?

दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही. जी बाई रात्री तीनला कूस बदलणार, तिला काढायची धमक तिच्याच हातात असलेल्या माणसाला कुठून येणार? रागावली तर रात्री पाणी कोण देणार? म्हणून तो गप्प बसतो. पैसे गेले तरी, उशीर झाला तरी. कागदावर मालक तो, पण घर तिच्या हुकमानं चालतं.

तिसरी गोष्ट बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची. कूस बदलली की दुखतं, म्हणून माणूस ‘राहू दे’ म्हणतो. त्यानंच ठेवलेली बाई ऐकते. माकडहाडावर लाली येते, बोट दाबून काढलं तरी ती पांढरी होत नाही. इथपर्यंत आलं म्हणजे जखम आतून सुरू झालेली असते. निवडीचं स्वातंत्र्य ठीक आहे, पण जखम भरायला सहा महिने लागतात.

तर्रीवाला
अरे बापा, इथं बाई भेटते हेच नशीब, निवड कायची करता! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बेसा-पिपळ्याकडे दुपारच्या पाळीले कोणी तयार होत नाही. अन् आली तर पहिला सवाल, ‘कूलर पेशंटच्याच खोलीत हाय का?’

खामला_चौक
@तर्रीवाला, तो सवाल बरोबरच आहे. कूलरला खिडकी आणि बाईला कूलर, दोन्ही हवंच. खिडकी बंद ठेवून कूलर लावला की खोली दमट होते आणि डायपरखाली पुरळ येतं, मग दोष बाईला.

@रात्रपाळी, १३४ पाळ्यांचा हिशेब मान्य. त्याचं उत्तर तिसरी बाई, म्हणजे सुट्ट्या भरून काढणारी रिलीव्हर. मात्र अडलं की शोधायची अशी नको. महिन्याच्या ११ पाळ्या तिला आधीच बांधून द्यायच्या, काम असो-नसो. दर रविवारी येणाऱ्या बाईला घर माहीत असतं. ब्युरोची बदली बाई आली की माणसाला पहिला तास तिला शिकवण्यातच घालवावा लागतो, तोही अडखळत्या जिभेनं.

कूस बदलण्याचं म्हणाल तर ‘राहू दे’ हे नेहमी हट्टापोटी नसतं. पूर्ण कुशीवर वळवलं की सगळा भार कमरेच्या हाडावर येतो आणि तेच दुखतं. पाठीमागे उशी देऊन तीसेक अंशांचा कल पुरतो, टाचा पोटरीखालच्या उशीनं अधांतरी ठेवायच्या. दर दोन तासांना एवढं केलं तर बहुतेक लोक नको म्हणत नाहीत. हवेची गादी असेल तर तिच्याखाली, कमरेच्या जागी, तळहात घालून बघा. अंगाचं हाड हाताला लागलं तर गादी बसली आहे, पंपाचा काटा वजनाप्रमाणे वाढवा. गादीवर दोन चादरी, रबर आणि त्यावर गोधडी घातली की गादीचा फायदा संपतो. आणि वीज गेली की पंप थांबतो. पंप जेमतेम दहा वॅटचा असतो, तो इन्व्हर्टरवर घ्या. अवकाळीच्या वादळात रात्रभर लाइट जाते तेव्हा कळतं.

हिशेबनीस
दोघांनीही पैसा बाजूला ठेवला. मी नुसता नमुन्याचा हिशेब मांडतो, आकडे आपापल्या भागाप्रमाणे बदला. समजा ब्युरो एका पाळीचे महिना १८,००० घेते आणि बाईला १२,००० देते. चोवीस तासांचे झाले ३६,०००. आता थेट ठेवा: दोघींना १४,००० प्रमाणे २८,०००, रिलीव्हरच्या ११ पाळ्या ५५० प्रमाणे ६,०५०, दिवाळीला एका पगाराचा बोनस म्हणजे महिन्याला २,३३३. एकूण ३६,३८३. बचत शून्य! मात्र बाईच्या हातात दोन हजार जास्त जातात आणि ती टिकते. पैसे वाचतील म्हणून थेट ठेवणारे रिलीव्हर आणि बोनस गाळतात, आणि चौथ्या महिन्यात पुन्हा ब्युरोला फोन करतात.

बाहेर ज्या देशांत हे चालतं तिथं मुळात पैसा सरकारचा किंवा विम्याचा असतो. इंग्लंडनं १९९६ च्या कायद्यानं सेवेऐवजी रोख द्यायची मुभा दिली, पण आधी ६५ च्या आतल्यांनाच. वृद्धांना ती २००० साली मिळाली. जर्मनीत १९९५ पासून अशा सांभाळासाठीच सक्तीचा विमा आहे. रोख घेतली तर सेवेच्या निम्म्याहूनही कमी: २०२५ च्या दरानं मदतीच्या गरजेच्या तिसऱ्या श्रेणीला महिन्याला सेवा १,४९७ युरोपर्यंत, रोख ५९९. नेदरलँड्समध्ये खात्यावर थेट पैसे देण्यात घोटाळे झाले म्हणून २०१५ पासून सरकारी संस्थेमार्फत पगार सुरू केले, तर पहिल्याच वर्षी सांभाळणाऱ्यांचे पगार रखडले. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी ‘काळजीवाहक भत्ता’ लिहिला आहे. हातात काय पडतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे इथं देणारा मुलगाच. आणि जो देतो तोच ठरवतो, हे बदलणार कसं?

खामला_चौक
बऱ्याच घरांत देणारा मुलगा नसतोच की. वेकोलिच्या कोळसा खाणींचे, रेल्वेचे, महालेखापाल कार्यालयाचे निवृत्त लोक या शहरात कमी आहेत का? पेन्शन बापाची, एटीएम कार्ड सुनेकडे आणि ‘बाबांना काय कळतं’ हे वर.

अमेरिकेत आर्कान्सास, न्यू जर्सी आणि फ्लोरिडात १९९८ पासून चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला: अर्ध्यांना एजन्सीची सेवा, अर्ध्यांना स्वतःचं बजेट. बजेटवाले जास्त समाधानी निघाले आणि तब्येतीचे हाल वाढले नाहीत. आर्कान्सासमध्ये घरच्या मदतीवरचा खर्च मात्र वाढला. कारण वाचण्यासारखं आहे: एजन्सीवाल्यांना मंजूर झालेले तासच पूर्ण मिळत नव्हते, माणसं नव्हती म्हणून.

काळाकोट
कायद्याचं एक सांगतो, कारण इथं हमखास चूक होते. ‘वडिलांनी पॉवर ऑफ अॅटर्नी दिली आहे, पुढे डिमेन्शिया झाला तरी चालेल’ हे चूक. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मूळ माणसाची बुद्धी गेली की मुखत्यारीही संपते. नेमकी गरज पडते तेव्हाच कागद निकामी. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ मधलं पालकत्व स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांनाच आहे, डिमेन्शियाला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे. ते ठरावीक निर्णयापुरतं आणि त्या माणसाशी सल्लामसलत करूनच. सगळ्या जिंदगीचा ताबा त्यानं आपोआप मिळत नाही.

तेव्हा डोकं चालतं आहे तोवरच इच्छा लिहून ठेवा. ‘आंघोळ बाईनंच घालावी, डायपर रात्रीपुरतंच, जेवणाची नळी घालायच्या आधी चमच्यानं प्रयत्न करा.’ एवढं जरी असलं तरी पुढे भांडणारी भावंडं त्याच्याकडे बोट दाखवू शकतात.

बर्डीवाला
दोन्ही बाजू ‘ठरवणं’ आणि ‘सांभाळणं’ एकात घालतात. कोण, केव्हा, काय, हे माणसानं ठरवावं. हजेरी, पगार, बदली बाई हे दुसऱ्यानं करावं: भाची, सोसायटीचा अकाउंटंट, कुणीही. यूपीआय सर्कलमध्ये, म्हणजे आपल्या खात्यातून दुसऱ्याला खर्च करू द्यायच्या सोयीत, अर्धी मुभा देता येते. भाजी-औषधाचा व्यवहार बाईनं सुरू करायचा, पिन मालकानं टाकायचा. हात थरथरतात त्याला पिन जमत नसेल तर पूर्ण मुभा असते, पण महिन्याला १५,००० पर्यंतच आणि एका वेळी ५,००० च्या वर नाही. पगार त्यात बसवू नका, तो बँकेतूनच जाऊ द्या.

आणि एक रेघ आखा. नळीतून फीड, तेही डोकं तीस-पंचेचाळीस अंश वर ठेवून, नंतर पाण्यानं नळी धुणं, युरीन बॅग मूत्राशयाच्या खाली ठेवणं, हे शिकलेली बाई करील. नवी नळी घालणं, कॅथेटर बदलणं, घशातल्या छिद्रातून सक्शन (कफ ओढून काढणं), हे नर्सचं. तिथं ‘माझी बाई माझं ऐकते’ चालणार नाही.

रात्रपाळी
हे मान्य. पण रात्री पाणी कोण देणार, याला अजून कुणी हात लावला नाही.

खामला_चौक
जर्मनीत फक्त रोख घेणाऱ्यांच्या घरी ठरलेल्या काळानं बाहेरचं माणूस येऊन बघून जातं. इथं ते आपणच करायचं. एक बाहेरचा माणूस ठरवा, त्यानं आठवड्यातून एकदा फोन करायचा, तोही रिलीव्हरच्या दिवशी. नेहमीची बाई खोलीत असताना ‘सगळं ठीक ना?’ विचारलं की उत्तर ‘ठीक’च येतं.

रात्रपाळी
आणि त्रास रिलीव्हरचाच असला तर?

खामला_चौक
मग सोमवारी.