घाटापेक्षा पार्किंगचा प्रश्न मोठा

खंडाळ्याच्या घाटात बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून इलेक्ट्रिक गाडी मुंबई-पुण्याला कामाची नाही, हे म्हणणं मला पटत नाही. खोपोली ते लोणावळा चढ साधारण 550 मीटरचा. दीड टनाची गाडी तेवढी वर न्यायला जास्तीची वीज लागते अडीच युनिटच्या आसपास, म्हणजे 30 युनिटच्या बॅटरीतले आठेक टक्के. शिवाय येताना उतारावर मोटरच जनरेटरचं काम करते आणि त्यातली बरीच वीज बॅटरीत परत येते. पेट्रोलच्या गाडीत उतारावरची ही ऊर्जा नुसती ब्रेक तापवण्यात जाते.

खरी अडचण सोसायटीत आहे. पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा पॉइंट असला तरी रात्रभरात गाडी चार्ज होते. पण मीटरपासून केबल ओढायला कमिटीची परवानगी हवी, आणि आमच्याकडे तो विषय दर सभेत पुढे ढकलला जातो. आगीची भीती मला समजते. मग लोड तपासून घ्या, अर्थिंग नीट करा, वेगळा एमसीबी (जास्त लोड आला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा, पण सरसकट नकार देऊ नका! घरी चार्जिंगची सोय नसेल, तर मात्र आत्ता ईव्ही घ्या असं मी कुणालाच सांगणार नाही.